घोडा नाही म्हणतोय

घोड्यांशी माझा संबंध विचाराल तर तो कुंपणापुरता. कुंपणाच्या अलीकडे मी, पलीकडे स्तामेनदादांची बूबा. बूबा म्हणजे एकोणीस वर्षांची, करड्या रंगाची, पोटाने जरा सुटलेली घोडी. सकाळी ती कुंपणावरून मान काढून माझ्या खिडकीत बघते, मी कॉफी पीत तिच्याकडे बघतो, आणि दोघांनाही काही बोलायचं नसतं. अशा माणसाने गावातल्या घोड्यांच्या आहाराविषयी फलक लावण्याचं काम अंगावर घेऊ नये, हे मला आज कळतं. तेव्हा कळलं नाही, कारण मी गोर्नो लिपोवोच्या वाचनालयाचा चिटणीस आहे. जे जे लिहून टांगता येतं ते सगळं आपल्याच अखत्यारीत येतं, असं चिटणीसाला वाटत असतं.

झालं होतं असं. लेंटच्या, म्हणजे चाळीस दिवसांच्या मोठ्या उपासातला पहिला शनिवार हा संत तोदोरचा, म्हणजे घोड्यांचा. त्या दिवशी घोड्यांच्या आयाळीत लाल-पांढरे गोंडे बांधतात, चर्चमागच्या माळावर शर्यत होते, आणि घरोघरच्या बायका रोट भाजून आणतात. रोटावर क्रॉस काढलेला, वर लसणाची पाकळी, अक्रोड, मीठ. त्यातला तुकडा आपापल्या घोड्याला द्यायचा, अशी रीत. पूर्वी आपापल्याच घोड्याला द्यायचे. आता गावात घोडे उरले सात, रोट भाजणाऱ्या बायका उरल्या दोनशे, आणि शहरातून मोटारी भरभरून येणारी माणसं वेगळीच. गेल्या वर्षी दुपारपर्यंत बूबाने अकरा घरचे रोट, एक गोड पाव, चॉकलेटच्या वेफरचे दोन पुडे आणि कोणाच्या तरी डब्यातली भात भरलेली कोबीची पानं एवढं खाल्लं. संध्याकाळी ती खाली बसली आणि उठेना. पोटशूळ. स्तामेनदादा दोन दिवस तिच्याजवळून हलले नाहीत.

"या खेपेला वाचली," जनावरांच्या डॉक्टर नेदेल्चेवा बाई जाताना म्हणाल्या होत्या. "पण आता वय झालंय तिचं. पुन्हा असं झालं तर मला नका बोलावू, फादरना बोलवा."

स्तामेनदादांना घरात दुसरं कोणी नाही. बायको जाऊन आठ वर्षं झाली. ते दिवसभर बूबाशी बोलतात, आणि मी कुंपणापलीकडून ऐकत असल्यामुळे खात्रीने सांगतो, की ती त्यांच्याशी माझ्या बायकोपेक्षा कितीतरी समजुतीने वागते. यंदा फेब्रुवारीत ते टोपी हातात घेऊन वाचनालयात आले. आयुष्यात पहिल्यांदाच आले.

"मेतोदी, लेका, एक विचारू? यंदा बूबाला माळावर नेऊ की नको? नाही नेलं तर ती बँड ऐकत दारात उभी राहणार, ते मला बघवणार नाही. नेलं तर हे लोक मायेने मारून टाकतील तिला."

मी चष्मा काढला. चष्मा काढला की मी अधिक जबाबदार दिसतो, असं मला वाटतं.

"खुशाल न्या, दादा. काय द्यायचं, काय नाही, याचे ठळक फलक लावतो माळावर. मी आहे ना."

पुढचं सगळं रामायण या 'मी आहे ना'मुळे घडलं.

डॉक्टर बाईंकडे जाऊन मी रीतसर यादी केली. चालेल ते: गाजर, पण चकत्या करून नव्हे, उभं चिरून, कारण चकती घशात बसते. सफरचंद, बिया काढून, फोडी करून. बीट. चालणार नाही ते: पाव, रोट, कणकेचं काहीही, चॉकलेट, कांदा, लसूण, कोबी, बटाटा.

"घोड्याला उलटी करता येत नाही, मेतोदी," बाई म्हणाल्या. "तुम्ही-आम्ही चुकीचं खाल्लं तर बाहेर काढतो. त्याचं आत गेलं ते गेलं. एवढं लिहा मोठ्या अक्षरात."

मी यादी घेऊन घरी आलो आणि झ्लात्काला वाचून दाखवली. चूक इथून सुरू झाली असं मी म्हणणार नाही, पण जेवण मात्र इथून बिघडलं.

"रोट चालणार नाही?" ती म्हणाली. "माझ्या आजीच्या आजीने घोड्याला रोट दिला. तेव्हा मेले का घोडे?"

"आजीच्या आजीने एकाच घोड्याला एकच तुकडा..."

"म्हणजे माझा रोट विषारी. सांग ना सरळ. एकवीस वर्षं खातोयस, तू मेलास?"

मला उलटी करता येते, हा शास्त्रीय मुद्दा माझ्या अगदी ओठांवर आला होता. तो मी गिळला, आणि तरीही पुढचे तीन आठवडे ती माझ्याशी फक्त मिठाच्या बरणीपुरतं बोलत होती.

नगरपालिकेची उत्सव समिती म्हणजे उपनगराध्यक्ष गारवानोव, फादर एव्लोगी, आमच्या गल्लीतल्या पेना मावशी आणि मी. बाकीचे सभासद कॉफी येईपर्यंत बसतात. मी आराखडा मांडला: वाईट पदार्थांवर लाल फुली, चांगल्यांवर हिरवी खूण. साधं, सुटसुटीत.

फादर दाढी कुरवाळत म्हणाले, "मेतोदी, रोटावर क्रॉस असतो. आशीर्वाद म्हणून असतो. तू त्यावर आणखी एक क्रॉस मारणार. म्हणजे दुप्पट आशीर्वाद झाला की काय झालं?"

फुली गेली. मग मी म्हटलं, नुसते रंग ठेवू. गारवानोव खुर्चीत सरसावले. लाल रंग वाईट का, असं त्यांनी विचारलं. त्यांच्या पक्षाचा तोच होता. मग मी म्हटलं, शब्दांत लिहू. तर गारवानोवांच्या मेव्हण्याचा माळावर वेफरचा ठेला, आणि सरकारी फलकावर 'चॉकलेट' हा शब्द बदनामीकारक ठरेल असं त्यांचं मत. पेना मावशींना कोबीचं वाईट वाटलं.

"खारवलेल्या कोबीचं पाणी पाजा घोड्याला," त्या म्हणाल्या. "पोट असं साफ होतं! माझ्या सासऱ्यांना पाजायचो आम्ही."

"मग कसे आहेत सासरे?" फादरनी विचारलं.

"ते गेले की. पण पोट साफ होतं."

तीन बैठका अशा गेल्या. चौथ्या बैठकीत मला ती कल्पना सुचली, जिचा मला पुढे आठ दिवस अभिमान वाटत होता. शब्द नकोत, रंग नकोत, फुल्या नकोत. घोडाच सांगेल! एका फलकावर वाईट पदार्थ आणि त्यांच्यासमोर 'नाही' म्हणणारा घोडा. दुसऱ्यावर चांगले पदार्थ आणि 'हो' म्हणणारा घोडा. लहान मुलाला समजेल, परदेशी पाहुण्याला समजेल. घोड्याच्या तोंडून आलेलं असल्यामुळे नगरपालिकेवर जबाबदारीही येत नाही. हे शेवटचं वाक्य ऐकून गारवानोवांनी मला पहिल्यांदाच कॉफी दिली.

चित्रं काढायला माझी भाची रालित्सा होती. ती व्हिएन्नात असते, चार वर्षांची असताना आईबापांबरोबर गेली, आता जाहिरातींची चित्रं काढते. तिने मामासाठी फुकट काढून दिली आणि संगणकावरून पाठवली. काय घोडा होता! बूबासारखाच करडा, डोळ्यांत तीच समजूत. एका चित्रात मानेच्या दोन्ही बाजूंना वळलेले बाण, एकात वर-खाली बाण. चित्रांखाली तिने लिहिलं होतं: 'मामा, हा नाही म्हणतोय. हा हो म्हणतोय.' मी ते वाचलं आणि मग चित्र बघितलं. तीस वर्षं वाचनालयात काढलेल्या माणसाचं असंच होतं. तो आधी खाली काय लिहिलंय ते वाचतो, आणि मग चित्रात त्याला तेच दिसतं.

समितीने चित्रं अर्धा तास न्याहाळली. घोड्याचं शेपूट आखूड आहे, यावर वीस मिनिटं गेली. पेना मावशींना घोडा उपाशी वाटला. एकदा गारवानोवांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "कोणता घोडा काय म्हणतोय, ते नक्की कळेल ना लोकांना?"

"साहेब, स्पष्टच आहे," मी जरा दुखावल्या स्वरात म्हणालो.

आपल्याला कळलं नाही असं दिसायला कोणीच तयार नव्हतं. संमती म्हणून सगळ्यांनी माना डावी-उजवीकडे हलवल्या आणि घोडा मंजूर झाला.

शुक्रवारी पालिकेच्या माणसांनी आठ फलक माळावर लावले. चार वाईटाचे, चार चांगल्याचे. प्रत्येक फलकाला चार बोल्ट मंजूर होते. त्यांनी मधोमध एकेकच ठोकला, कारण थंडी होती आणि जेवायची वेळ झाली होती. झ्लात्का बाजारातून येताना ते फलक बघून आली. घरात शिरली ती हसत. मला म्हणाली, "शेवटी सुचलं तर शहाणपण!" आणि तीन आठवड्यांनी माझ्या ताटात घेवड्याची भाजी तिने स्वतःच्या हाताने वाढली, दोनदा. मला वाटलं, माझ्या चित्रांनी तिचं मतपरिवर्तन झालं. शनिवारी सकाळी माळावर पोचतो तर गारवानोवांचा मेव्हणा ठेल्यावरून धावत येऊन माझा हात हलवू लागला. "मेतोदीसाहेब, तुमच्यासारखा माणूस पालिकेत हवा!" तो म्हणाला आणि वेफरचा एक पुडा माझ्या खिशात कोंबला. मी विनयाने 'त्यात काय' असं म्हणालो. आज तो विनय आठवला की माझे कान तापतात.

नवा कोट, चकाकते बूट, आणि हातात उभी चिरलेली गाजरं, अशा थाटात मी गर्दीतून फिरत होतो. बँड वाजत होता. बर्फ वितळून माळावर चिखल झाला होता, पण माणसं खूश होती. पहिल्याच घोड्याजवळ मी थांबलो आणि सर्वांना दिसेल अशा बेताने एक गाजर त्याच्यापुढे धरलं.

फट्कन माझ्या हातावर चापटी बसली. गाजर चिखलात पडलं.

"डोळे फुटले का, मेतोदी?" पेना मावशी कडाडल्या. "फलक दिसत नाही? घोडा नाही म्हणतोय गाजराला!"

मी फलकाकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा, खाली काही न लिहिलेला, नुसता फलक मी बघितला. गाजर, सफरचंद, बीट, आणि त्यांच्यापुढे मान वर-खाली करणारा घोडा.

आता हे सांगायला हवं. आमच्याकडे माणूस 'हो' म्हणतो तेव्हा मान डावी-उजवीकडे हलवतो, आणि 'नाही' म्हणतो तेव्हा ती वर झटकतो. हे आमच्या कुत्र्यांनाही कळतं. व्हिएन्नात, आणि उरलेल्या बहुतेक जगात, बरोबर उलटं आहे. रालित्साचा घोडा व्हिएन्नाचा होता. तो आमच्या माळावर चार ठिकाणी उभा राहून चॉकलेटला हो म्हणत होता, कांद्याला हो म्हणत होता, कोबीला, बटाट्याला आणि माझ्या बायकोच्या रोटाला मान हलवून हलवून हो म्हणत होता.

मी भोवती बघितलं. एक सद्गृहस्थ आपल्या मुलीला उचलून धरून घोड्याच्या तोंडात कांदा घालायला शिकवत होते.

"थांबा!" मी ओरडलो. "देऊ नका! तो नाही म्हणतोय!"

"कोण?"

"घोडा!"

"तो तर हो म्हणतोय," गृहस्थ शांतपणे म्हणाले आणि फलकाकडे बोट दाखवलं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही असल्या माणसापासून मुलीला दूर नेलं असतं. त्यांनी तेच केलं.

बँडपुढे माझा आवाज पोचेना. मी सफरचंदांच्या खोक्यावर चढलो आणि तो कांद्याचा फलक उपटून काढावा म्हणून त्याच्या कडेला धरून सगळ्या जोराने ओढला. एकाच बोल्टवरचा तो फलक निघाला नाही. तो गर्रकन फिरला, माझ्या कपाळावर आदळला आणि उलटा होऊन थांबला. मी खोक्यासकट चिखलात. वर बघतो तर रालित्साचा करडा घोडा पाठीवर पडलेला, चारी पाय आभाळाकडे, आणि त्याच्यापुढे चॉकलेट, कांदा, पाव, कोबी.

"अगं बाई, मेला!" कोणीतरी किंचाळलं. चिखलात पटापट कांदे पडले.

चार बैठकांत जे साधलं नाही ते असं साधलं. मी उठलो आणि पुढच्या फलकाकडे धावत सुटलो. कपाळावर टेंगूळ, कोट चिखलाने माखलेला, एक बूट केव्हाच निसटलेला. दुसरा फलक फिरवला तेव्हा पालिकेचा पहारेकरी मागे लागला. तिसरा फिरवला तेव्हा गारवानोवही मागे लागले.

"मेतोदी! ठरावात घोडा उभा आहे! मंजूर घोडा उभा आहे! तुम्हाला आडवा करायचा अधिकार नाही!"

चौथा फलक माळाच्या टोकाला होता. तिथे बूबा होती, आणि तिच्या शेजारी स्टुलावर, टोपीला लाल-पांढरा गोंडा लावून, स्तामेनदादा बसले होते. त्यांच्यासमोर माणसांची रांग. रांगेच्या बाजूला झ्लात्का, रिकामी परडी घेऊन माझ्याकडे बघत उभी.

"ये, ये, मेतोदी!" दादा हसून म्हणाले. "बघ, यंदा मी कोणाला अडवलंच नाही. म्हटलं, फलकावर आहे ते द्या, आमच्या मेतोदीने लावलाय. मलाही जरा नवल वाटलं बरं का, रोट चालतो म्हणून. पण म्हटलं, शिकलेला माणूस आहे. डॉक्टरांना विचारून केलंय. आपल्याला काय कळतं?"

पहारेकऱ्याने मागून माझी कॉलर धरली होती, तरी मला ती सोडवून घ्यावीशी वाटली नाही.

"दादा, चुकलं," मी म्हणालो. "चित्र उलटं आहे. तो घोडा नाही म्हणत होता. सगळी चूक माझी आहे."

त्यांनी फलकाकडे बघितलं. मग बूबाकडे. मग रांगेकडे. हसू चेहऱ्यावरून हळूहळू गेलं, ते मी बघितलं, आणि ते मी जन्मात विसरणार नाही. बूबाने पुढचा खूर जमिनीवर आपटला आणि मान वळवून स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. गेल्या वर्षी तिने असंच पाहिलं होतं.

"पूर्ण रोट दिला मी," झ्लात्का हळूच म्हणाली. "आख्खा." आणि ती रडू लागली.

डॉक्टर बाई आल्या. त्यांनी कोणालाच काही विचारलं नाही. नळी कानाला लावून बूबाच्या पोटाला उजवीकडून, डावीकडून, पुन्हा डावीकडून ऐकलं.

"डावीकडे शांत आहे. शांत नको असतं," त्या म्हणाल्या. एक इंजेक्शन दिलं. "चालवा तिला. हळूहळू. पडू देऊ नका. तोंडात काही घालायचं नाही. लीद पडली तर वाचली."

"थोडी दारू पाजली तर?" पेना मावशींनी विचारलं. "किंवा कोबीचं पाणी..."

"दोन्ही तुम्ही प्या," बाई म्हणाल्या.

मी दोर हातात घेतला. स्तामेनदादांचे गुडघे गेलेले. ते शेजारून, तिच्या मानेवर हात ठेवून लंगडत चालत होते. माळाच्या कडेने एक फेरी झाली, दोन झाल्या. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते फक्त तिच्याशी बोलत होते. "चल, माझे बाई. आणखी थोडं. तुझा काही दोष नाही. तुला दिलं, तू खाल्लंस." माझ्या एका पायात नुसता मोजा होता आणि चिखल बर्फासारखा गार होता, पण थांबून बूट शोधायला जावं असं मला एकदाही वाटलं नाही.

शर्यत झाली म्हणे. ती कोणी जिंकली हे गावात आजही कोणाला सांगता येत नाही, कारण लोक पाठ फिरवून आमच्याकडे बघत होते. सहाव्या फेरीला बँड थांबला. दहाव्या फेरीला फादर एव्लोगी झगा आवरून मागे चालू लागले. ते प्रार्थना म्हणत होते की नुसते धापा टाकत होते, ते कळत नव्हतं. त्यांच्यामागे झ्लात्का. तिच्यामागे गारवानोवांचा मेव्हणा, ठेला बंद करून आलेला. ज्याने ज्याने तिला काही भरवलं होतं तो तो येत गेला. बाराव्या की तेराव्या फेरीला मी मागे वळून बघितलं तर अर्धं गाव घोडीच्या शेपटाकडे टक लावून, हळूहळू, मान खाली घालून चालत होतं.

ऊन उतरायला लागलं होतं. बूबा थांबली.

"चालवा," डॉक्टर बाई म्हणाल्या. मग एकदम हात वर केला. "नाही, थांबा."

बूबाने पाय जरा फाकवले. शेपूट थोडं उचललं. चारशे माणसं श्वास रोखून उभी होती. शेपूट पुन्हा खाली आलं. पेना मावशींनी डोळे मिटले. मग शेपूट पुन्हा वर गेलं, चांगलं वर, आणि एक, दोन, तीन, चार, आणि मग मोजता येणार नाही अशी, वाफाळती, सोनेरी लीद धपाधप जमिनीवर पडली. थोडी माझ्या मोज्यावर पडली.

मी आयुष्यात एवढा जयघोष ऐकलेला नाही. टोप्या उडाल्या. गारवानोवांनी पहारेकऱ्याला मिठी मारली. बँडवाल्याने ढोल असा बडवला की त्याचं कातडं फाटलं. डॉक्टर बाईंनी पुन्हा पोटाला कान लावला आणि पहिल्यांदाच हसल्या. "बोलतंय," त्या म्हणाल्या. "दोन्हीकडे बोलतंय."

स्तामेनदादा खाली वाकले. चिखलातून त्यांनी ओंजळीत ती गरम लीद उचलली, तिच्याकडे बघितलं, हुंगली, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मग ती टाकून ते माझ्याकडे आले. तोच हात आता आपल्या थोबाडात बसणार, आणि बसायलाच हवा, असं मला वाटलं. मी चष्मा काढला.

त्यांनी दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला, होते त्याच हातांनी, आणि माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले.

"गाढवा," ते म्हणाले. "गाढवा, वाचली ती."

झ्लात्काने परडीतला रुमाल माझ्यापुढे केला. मी तो घेतला नाही. तसाच, गालांवर दादांच्या हातांचे ठसे घेऊन, मी बूबाला घरी घेऊन गेलो.